रॉइसचं मलम

रॉइसच्या हातून एकेक काम सुटत गेलं होतं. आधी गाडी चालवणं गेलं, मग शेगडी, मग बँकेतली सही. उरलं होतं एकच. हिवाळ्यात वाळवंटात येऊन चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, उभा केला, की स्लाइडच्या रबरी पट्ट्यांना मलम चोळायचं. तेवढं त्याचं, बाकी सगळं त्याच्या बायकोचं, आयडाचं. आणि तेवढं तरी त्याच्याकडे राहावं म्हणून आयडा जिवाचं रान करायला तयार होती.

स्लाइड म्हणजे त्यांच्या ट्रेलरची निम्मी बैठकीची खोली. प्रवासात ती आत ओढलेली असायची. मुक्कामाला पोचून बटण दाबलं, की सोफ्यासकट, खिडकीसकट अख्खी भिंत घरघरत बाहेर सरकायची. रॉइस तेव्हा सोफ्यावरच बसून राहायचा. बसायचं नसतं खरं तर, पण त्याला सांगणार कोण! खिडकीतला डोंगर हळूहळू जवळ यायचा आणि तो म्हणायचा, "आयडा, आलं बघ तळं."

तळं राहिलं होतं लांब उत्तरेला, नॉर्थ डकोटात, त्यांच्या घरामागे, बर्फाखाली. इथं ॲरिझोनात नुसती वाळू आणि काटेरी झुडपं. तरी आयडा म्हणायची, "हो रे, आलं." सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळू चमचमायला लागली की तिलाही ते तळंच वाटायचं कधीकधी, खोटं कशाला बोला!

यंदा मात्र पट्ट्यांनी मान टाकली. खोली आणि भिंत यांच्यामधली फट बुजवणारं ते रबर लिबलिबीत होऊन लोंबायला लागलं. सोफ्यामागे उन्हाची एक बारीक रेघ उतरायची, तिच्यात धूळ तरंगायची, आणि रॉइस तिच्यात बोटं बुडवून तासन्‌तास बसायचा. त्याला त्या रेघेचं भारी कौतुक. आयडाचा जीव खालच्या लाकडात अडकलेला. अवेळी एक सर येऊन गेली होती आणि गालिच्याचा कोपरा पायाला ओला लागला होता. लाकूड कुजलं की ट्रेलर संपला. आणि ट्रेलर संपला की बापाला वृद्धाश्रमात नेऊन ठेवायला मुलगी टपलेलीच होती. वाईट नव्हती पोरगी, पण घाई फार.

शेवटी शेजारच्या ट्रेलरमधली लव्हॉन नव्या पट्ट्यांची गुंडाळी खांद्यावर टाकून आली. लव्हॉन म्हणजे हात चालू, तर तोंड दुप्पट चालू.

"ए आयडा, कॉफी ठेव. आणि नवऱ्याला सोफ्यावरून उठव, नाहीतर त्यालाही चिकटवून टाकीन!"

"चिकटव की," रॉइस म्हणाला, "पण सरळ चिकटव. तुझं काम नेहमी वाकडं असतं."

"बघा, म्हाताऱ्याला हे बरं आठवतं!"

स्लाइड निम्मी बाहेर काढली. लव्हॉन शिडीवर चढली आणि जुनी पट्टी वरच्या कोपऱ्यातून सोलायला लागली. रबर तुटून बोटांना काळं चिकटत होतं. तिनं बोटं नाकाशी नेली आणि ओरडलीच.

"अगं बाई! पेट्रोलियम जेली! ही कुणी फासली याला? विष असतं ते रबराला, विष! फुगतं, पिठासारखं मऊ पडतं, सडतं. ऊन-वाऱ्यानं नाही गेल्या या पट्ट्या. कुणीतरी लाड करून करून मारल्यात. कोण गाढव हे?"

रॉइस पायरीपाशी उभा होता. हातात मलमाची मोठी बरणी, झाकण उघडलेलं. नव्या पट्ट्या लागल्या की चोळायला आधीच तयार होऊन आला होता बिचारा. त्यानं बरणीकडे पाहिलं, मग लव्हॉनच्या काळ्या बोटांकडे, मग परत बरणीकडे. लांबून कुणीतरी येताना दिसावं आणि ओळख पटायला वेळ लागावा, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर यायला लागलं. आयडा झटकन पुढे झाली.

"मी," ती म्हणाली. "मी गाढव."

"तू?"

"मीच. रॉइस बरोबरच करायचा, रबरासाठीचा खास फवारा आणून मारायचा. मलाच मेलीला शहाणपण सुचलं. त्याची पाठ वळली की वरून हे फासत बसायची." तिनं बरणीकडे हात केला. "आण रे ते इकडे. माझं आहे."

त्यानं बरणी दिली. लव्हॉननं शिडीवरून आयडाकडे पाहिलं, रॉइसकडे पाहिलं, आणि बोटांवरचं काळं पुसून टाकलं.

"बरं," ती म्हणाली. "अति तिथं माती, दुसरं काय." आणि जुना डिंक खरवडायला लागली.

खरवडून झालं, स्पिरिटनं पुसून झालं. नवी पट्टी लव्हॉननं दाबत न्यायची आणि दुसरं टोक रॉइसनं धरायचं, असं करत दुपार कलली. चिकटायला रात्रभर वेळ दिला. सकाळी आयडानं बटण दाबलं, खोली घरघरत बाहेर गेली. रॉइसनं बाहेरून कडेवर बोट फिरवलं.

"थांब. पट्टीची जीभ आत दुमडलीय. जरा आत घे. हां. आता सोड बाहेर."

ती पातळ रबरी जीभ पटकन उलटून बाहेर पडली आणि भिंतीला चपखल बसली. आत सोफ्यामागची रेघ विझली होती. रॉइस आत आला, जिथं रेघ असायची तिथं हवेत हात धरून उभा राहिला.

"ऊन गेलं, आयडा."

"गेलं रे," ती म्हणाली, आणि तिलाच इतकं वाईट वाटलं की ती उगाच कॉफीचे कप विसळायला लागली.

संध्याकाळी नेहमीसारख्या आसपासच्या सगळ्या ट्रेलरवाल्यांच्या घडीच्या खुर्च्या शेकोटीभोवती मांडल्या गेल्या. लव्हॉननं त्यांना मलमाचं सांगायचं तेवढं सांगितलं होतं. आयडाच्या नावावरच, नेमकं.

"आयडा," कॅनडाहून आलेला गॉर्डी म्हणाला, "माझ्या टायरांना लोणी लावतेस का जरा?"

"आणि पावाला काय लावतेस मग? ग्रीस?" दुसरं कुणी म्हणालं.

सगळे खो खो हसले. आयडाही हसली. कानशिलं तापली होती, पण हसली.

रॉइस खुर्चीचे हात धरून उठला.

"हसू नका तिला," तो म्हणाला. हा आवाज आयडानं फार दिवसांत ऐकला नव्हता. "चूक कुणाची होत नाही? रबर तडकू नये म्हणून चोळत होती. थंडीत. बोटं बधिर व्हायची, तरी एक कोपरा सोडायची नाही. वरचा तर कुणाला दिसतही नाही, तोसुद्धा. जीव लावून केलं ना? मग झालं तर."

लव्हॉन कपात बघत राहिली.

रॉइस खाली बसला आणि आयडाचा हात त्यानं हातात घेतला. "रडतेस काय वेडे? मी नाही रागावलो तुझ्यावर. आता मी शिकवीन तुला."

"शिकव," आयडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो रबराच्या फवाऱ्याची बाटली आणि फडकं घेऊन पायरीपाशी उभा होता. बाटली अर्थातच आयडानं आणून ठेवलेली. त्यानं तिची बोटं धरून रबरावरून फिरवली. "असं. हलक्या हातानं. मलम नाही लावायचं हं." वाळू चमकायला लागली होती, मागे तळं आलं होतं.

काय विसरावं आणि काय लक्षात राहावं, याला काही नेम आहे का! शिकवलेलं तो दुपारपर्यंत विसरायचा. पुढे पुढे तिचं नावही अडायला लागलं. पण बायकोची चूक तेवढी पक्की लक्षात राहिली. म्हणून त्या हिवाळ्यात आयडा रोज सकाळी नव्यानं शिकली, आणि रोज सकाळी त्यानं तिला नव्यानं माफ केलं.