बिनधुराची धुराडी

त्या शहरात बेकरी शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. मान वर करायची आणि छपरावरचं धुराडं पाहायचं. लाल विटांचं, दोन पुरुष उंच, टोकाला डौलदार कंगोरा. बाहेरगावचे पाहुणे कौतुकाने विचारायचे, "इतकी धुराडी, आणि धूर कसा कुठेच नाही?" धूर असणार कुठून? बेकरीवाल्यांनी विजेच्या भट्ट्या घेऊन जमाना झाला होता.

पण नियम लाकडाच्या भट्टीच्या काळातला. बेकरीला धुराडं पाहिजे, एवढंच त्यात लिहिलेलं. भट्टी कशावर चालते याचा पत्ता नाही, कारण लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा दिवासुद्धा रॉकेलचा असावा. परवाना हवा तर धुराडं हवं. मग लोक निमूट धुराडं बांधत, परवाना घेत आणि विजेवर पाव भाजत. तपासनीस यायचा, रस्त्यावरूनच वर बघायचा आणि सही ठोकायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

ही धुराडी बांधायचे मिस्त्री. शहरात गवंडी पैशाला पासरी होते, पण धुराडं म्हटलं की मिस्त्रीच. हाताखाली त्यांचा मेहुणा आणि आणखी तिघेजण. माणूस कामाला इतका चोख, की ज्यातून जन्मात धूर जायचा नाही तेही ओळंबा लावून सरळ उभं करायचा. एक सुधारणा मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्याने केली होती. धुराड्यातून पावसाचं पाणी पिठावर गळतं, अशी बेकरीवाल्यांची ओरड असायची. म्हणून मिस्त्री वरचं तोंड विटांनी बंद करून टाकत आणि भोवती कंगोरा असा बसवत, की खालून पाहणाऱ्याला शंका येऊ नये. म्हणजे खाली जाळ नाही आणि वर तोंड नाही, असं ते धुराडं. सरकारला ते पसंत होतं, मग मिस्त्रींनी का नापसंत करावं?

अशा माणसाच्या लेकीने बेकरी काढायची ठरवली. पोरीच्या हाताला गुण होता. हॉटेलच्या भटारखान्यात चार वर्षं राबून तिने भट्टी घेतली, एका घराखालचा गाळा ठरवला, आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. गाळ्याच्या वर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. धुराडं न्यायचं तर त्यांच्या बैठकीच्या खोलीतून, बरोबर सोफ्याच्या जागेवरून.

"तुझा पाव मी रोज घेईन ग," बाई म्हणाल्या, "पण घराच्या मधोमध विटांचा खांब नको."

त्यांचं तरी काय चुकलं? बाजूची गल्ली इतकी अरुंद, की तिथून मांजर जाताना अंग चोरायचं. मिस्त्रींनी टेप लावून पुन्हा पुन्हा मोजलं. दुसरे गाळे पाहिले, तर परवडणाऱ्या प्रत्येक गाळ्याच्या डोक्यावर कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड होतंच.

"बाबा," लेक एका संध्याकाळी म्हणाली, "तुम्ही अख्ख्या गावाला धुराडी बांधून दिलीत. मला तेवढं एक नाही?"

मिस्त्रींनी हातातला घास ताटात परत ठेवला. नवी भट्टी खोक्यासकट घरातच येऊन पडली होती. आईने तिच्यावर चादर टाकून टेबल केलं होतं आणि घरचे तिच्याभोवतीच जेवायला बसत. गाळेवाला महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, त्यापुढे नाही. मग लेक लांबच्या एका शहरात हॉटेलच्या नोकरीला जाणार होती. तिने बॅग काढून झटकूनही ठेवली होती. एकुलती एक लेक. मिस्त्री ती बॅग बघायचे आणि नजर फिरवायचे.

नेमकं तेव्हाच सरकारने एक काम काढलं, आणि ते काम बघून भलेभले चाट पडले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं. सुधारणा म्हणजे आधीच्या तीन कागदांवर चौथा कागद, हेही पाठ झालेलं. या वेळी मात्र धंद्याचे सगळे जुने नियम बाहेर काढून पालिकेच्या सभागृहात एकेक करून मोठ्याने वाचायला घेतले. अट एकच. नियम राहावा असं ज्याला वाटतं, त्याने उभं राहून कारण सांगायचं. कुणीच उभं राहिलं नाही, की नियम गेला. हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्याची खरंच कमाल म्हणायची. आजवर धंदा करणाऱ्याने सरकारला कारणं द्यायची, आता नियमाने लोकांना द्यायची.

धुराड्याची पाळी गुरुवारी होती. ती बातमी घेऊन मेहुणा घरी आला.

"भावोजी, उभं तुम्हीच राहायचं. पाच घरांच्या पोटावर पाय येतोय."

"बरं," मिस्त्री म्हणाले. एकदा शब्द दिला की तो फिरवायची त्यांना सवय नव्हती.

मेहुण्याने त्यांच्याकडून मुद्दे घोकून घेतले. आग, धूर, स्वच्छता, आणि शेवटी शहराची शोभा. बायको बिचारी कात्रीत सापडली होती, इकडे लेक आणि तिकडे पाठचा भाऊ. गुरुवारी सकाळी तिने इस्त्रीचा शर्ट पुढे केला आणि हळूच म्हणाली, "ती पण येणार आहे तिथे. पण बोलणार नाही म्हणाली. चारचौघांत बाबांच्या विरुद्ध मी उभी राहणार नाही म्हणाली."

मिस्त्रींनी शर्टाची बटणं लावली, ती एक घर चुकवून. बायकोने ती पुन्हा सरळ लावून दिली.

सभागृह गच्च भरलं होतं. समोरच्या टेबलाशी आयुक्तबाई बसल्या होत्या, साध्याशा, केसांत पेन्सिल खोवलेली. प्रत्येक नियमाला त्यांचा प्रश्न एकच, आणि उत्तर खरंच हवंय अशा चेहऱ्याने त्या थांबायच्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर घोड्यांसाठी पाण्याचा हौद हवा, असा एक नियम निघाला. लोक पोट धरून हसले, नियम गेला. कारखान्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, या नियमासाठी एक कामगार बाई उठली. आग लागली तेव्हा ती अशाच दारातून बाहेर पडली होती. "हा राहणार," आयुक्तबाई लगेच म्हणाल्या. सरसकट कुऱ्हाड चालवणं त्यांच्या मनात नव्हतं, हे मिस्त्रींना तेव्हाच कळलं.

मग धुराडं आलं. मेहुण्याने कोपर मारलं आणि मिस्त्री उभे राहिले.

"हा नियम उद्या नसला, तर कुणाचं काय बिघडेल?" आयुक्तबाईंनी विचारलं.

आग, धूर, स्वच्छता, शोभा, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मागे दाराशी लेक उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, खाली फरशीकडे बघत होती.

"माझं बिघडेल," मिस्त्री म्हणाले.

सभागृह हसलं. आयुक्तबाई हसल्या नाहीत. "कसं?"

"ही धुराडी मी बांधतो. त्यावर माझं घर चालतं. माझ्या माणसांची घरं चालतात."

"आणखी कुणाचं?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे विचार केला. "कबुतरांचं. ती बसतात तिथे."

"आणि धुराचं काय?"

"धूर नसतोच, बाई. असता तरी गेला नसता. वरून तोंड मी बंद केलंय."

"कुठल्या धुराड्याचं?"

"विजेच्या भट्ट्या आहेत तिथल्या सगळ्याच धुराड्यांचं. पाणी यायचं ना आत."

पहिल्या रांगेतला तपासनीस वाकून आपल्या बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. मेहुण्याने कपाळाला हात लावला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे त्याने पाहिले होते, पण धोंडा निवडून, नीट नेम धरून मारणारा हा पहिलाच.

आयुक्तबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे सांगितल्याने तुमचंच काम जाणार. मग सांगताय कशाला?"

"माझ्या लेकीला बेकरी काढायचीय. या नियमापायी तिला गाळा मिळत नाही. आज ती बोलणार नाही, कारण तिला माझा मान राखायचाय." मिस्त्रींनी एकदा दाराकडे पाहिलं. "तिने गप्प राहून राखलेला मान घेऊन मी काय करू? म्हणून मीच बोललो."

खाली बसता बसता ते पुन्हा उठले. "आणि नदीकाठच्या दोन भट्ट्यांत अजून लाकूड जळतं. तिथली धुराडी ठेवा. ती मी उघडीच बांधलीत. जिथे जाळ, तिथे धुराडं, एवढंच करा."

"म्हणा पुन्हा," आयुक्तबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते शब्द होते तसेच नवा नियम म्हणून उतरवून घेतले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, की बंद तोंडाच्या धुराड्यांसाठी कुणालाही दंड होणार नाही. लोक खोटं बांधत होते, कारण नियमच त्यांना खरं बांधू देत नव्हता. वरच्या खुर्चीत बसून एवढं मोकळेपणी म्हणणारं माणूस त्या सभागृहाने याआधी पाहिलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मेहुणा तेवढा तरातरा निघून गेला.

परवान्याची तर गंमतच झाली. लेक सकाळी पालिकेच्या खिडकीशी गेली आणि जेवायच्या आत परवाना घेऊन परत आली. आधी परवाना, तपासणी नंतर, अशी नवी पद्धत. मिस्त्रींचा काही केल्या विश्वास बसेना. त्यांनी तो कागद उलटसुलट केला, उजेडात धरला आणि लेकीला म्हणाले, "काहीतरी राहिलंय. परत जा, विचारून ये." ती वैतागत गेली. खिडकीत बसलेल्या कारकुनाने सांगितलं, "काही राहिलं नाही हो. आता फक्त पाव भाजायचे राहिलेत." तिच्या मागे रांगेत आणखी दोघेजण हेच विचारायला आले होते. बंद दार ठोठावायची इतकी सवय, की उघड्या दारातून आत जायलाही लोक कचरत होते.

मिस्त्रींच्या हाताला मात्र काम नव्हतं. मेहुणा बोलत नव्हता, तिघे गडी घरी बसले होते. लेकीच्या आनंदात रात्री त्यांना झोप लागायची आणि पहाटे त्या तिघांच्या काळजीने जाग यायची. एक दिवस चौकातल्या म्हाताऱ्या बेकरीवाल्याने बोलावलं. "मिस्त्री, ते वरचं ओझं उतरवा बाबा. छप्पर वाकलंय."

आपणच ओळंबा लावून चढवलेल्या विटा मिस्त्री एकेक करून उतरवू लागले. मनाला बरं वाटत नव्हतं. वीट खाली द्यायला हात केला, तर ती कुणीतरी घेतली. मेहुणा होता.

"बांधायला पाच माणसं लागायची," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "पाडायलाही लागतील. अख्ख्या गावातली धुराडी उतरवायची आहेत."

"आणि पाडून झाल्यावर?"

"नव्या बेकऱ्या निघतायत म्हणे. त्यांना ओटे लागतील, फरशा लागतील. नाहीतर बघू. वीट द्या खाली."

मिस्त्रींनी वीट दिली.

गाळ्याची जमीन रस्त्यापासून गुडघाभर उंच होती आणि वरच्या शिक्षिकाबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून दोघांनी मिळून त्या उतरवलेल्या विटांची रुंद पायरी बांधली.

"बाबा, गावाला धुराडी आणि मला पायरी?" लेक दारात उभी राहून म्हणाली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. बॅग पुन्हा कपाटावर गेली होती आणि तिच्यात आता पिठाच्या रिकाम्या पिशव्या कोंबलेल्या होत्या.

"वर चढून बघ आधी, हलते का," मिस्त्री म्हणाले.

पहिलं गिऱ्हाईक शिक्षिकाबाईच. त्यांनी भिंतीला हात लावून पाय टाकला, मग भिंत सोडली. त्यांच्या मागे शाळेतली पोरं, त्यांच्या मागे रिक्षावाला. मिस्त्री रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि सवयीने त्यांनी मान वर केली. छपरावर काहीच नव्हतं. भाजल्या पावाचा वास दारातूनच येत होता, आणि त्या वासामागे माणसं पायरी चढत होती.