डाव्या हाताचं दार

जुन्या घरातली शेवटची बादली ओतायला तिने सासऱ्यांच्या खोलीचं मागचं दार उघडलं, आणि बादली हातातच राहिली. समोर अंगण होतं. उंबरठ्यापुढची माती सासऱ्यांच्या रोजच्या पावलांनी चोपून गुळगुळीत झाली होती.

"वहिनी, आवरलं का? गाडी रस्त्यात आडवी लागलीये!" बाहेरून टेम्पोवाला ओरडला.

तिला ते ऐकूच आलं नाही.

सासऱ्यांचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. "लोकांना चष्मे देता देता माझ्यापुरती नजर उरलीच नाही," असं स्वतःच हसत सांगायचे. पण या घरात त्यांनी ना कधी काठी धरली, ना कुणाचा हात. पलंग, टेबल, कपाटाची मूठ, डाव्या हाताला दार, की आलं अंगण. कुणी खुर्ची जरा तिरकी ठेवली तर घर डोक्यावर घ्यायचे.

म्हणून तर काल नव्या घरात तिने सगळं हट्टाने तसंच लावून घेतलं होतं. हमाल वैतागले. नवरा म्हणाला, "अगं, कपाट जरा कोपऱ्यात सरकव की!" पण ही कसली ऐकते? बाबांना घर बदलल्याचं कळणारसुद्धा नाही, असं तोऱ्यात म्हणाली होती. आज सकाळीच नवरा त्यांना तिकडे घेऊन गेला होता.

आणि तिथे कपाटाच्या डाव्या हाताचं दार बाल्कनीत उघडत होतं. तिसऱ्या मजल्यावर. गंजलेला कठडा काढून नेला होता, नवा उद्या बसायचा होता. रंगाचा वास जावा म्हणून दार सताड उघडं टाकलं होतं तिनेच.

तिने कसाबसा फोन लावला.

"बाबांना पलंगावर बसवून आलो मी कामावर," नवरा म्हणाला. "तेच म्हणाले, जा तू, मला काय धाड भरणार आहे?"

"बाल्कनीचं दार लावलंस?"

"दार? ते... उघडंच राहिलं गं."

उरलेलं सामान तसंच टाकून ती टेम्पोत चढली. "काय झालं वहिनी?" टेम्पोवाल्याने विचारलं. "नव्या घरी चला, लवकर!" डोळ्यांपुढे नुसता सासऱ्यांचा हात येत होता. टेबलावरून सरकणारा, कपाटाची मूठ चाचपणारा.

इमारतीपाशी उतरल्यावर बाल्कनीखालच्या फरशीकडे बघायचा तिला धीर होईना. मग बघितलं. कुणी नव्हतं. ती जिन्याकडे धावली.

सासरे पलंगावरच होते. नवऱ्याने बसवलं होतं तिथेच, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. बाल्कनीचं दार वाऱ्याने हलत होतं. तिने आधी ते लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली.

"कोण आहे?"

"मी, बाबा."

"सूनबाई," ते इतक्या हळू म्हणाले, की हा आवाज त्यांचा वाटेना. "दोनदा उठलो गं. टेबल जागेवरच आहे. सगळं तू म्हणालीस तसंच आहे. पण आवाज वेगळा घुमतो. वारा भलतीकडून येतो. पाऊलच उचललं नाही."

तेव्हा कुठे तिचं लक्ष त्यांच्या पायजम्याकडे गेलं. तो ओला होता. पायांखालची फरशीसुद्धा.

"इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "आजपासून मला दिसत नाही बघ."

तिला रडू आवरेना. तोंडावर पदर दाबून ती तशीच बसून राहिली.

"त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत, बाबा. चला, कपडे बदलू."

उठायला म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण ती नव्हती त्या बाजूला. ती पलंगाला वळसा घालून गेली आणि तिने तो धरला.