सशाची सासू
जळकोटच्या हणमंतरावांनी लातूरहून नवी कवळी बसवून आणली आणि त्या दिवसापासून बोलता-चालता माणूस मुका झाला. एरवी त्यांच्या आवाजाला गावात मान होता. लग्न कुणाचंही असो, माईक त्यांच्याच हातात. पण कवळी घातली की 'स' आणि 'श' म्हणताना तोंडातून बारीक शीळ निघायची. पहिल्याच दिवशी चहाच्या हॉटेलात ते "साखर कमी" म्हणाले आणि बाकावरची माणसं फिसकन हसली. हणमंतराव चहा न घेताच उठले.

डॉक्टरांनी रोज मोठ्यानं पेपर वाचायला सांगितलं होतं. ते मनातल्या मनात वाचायचे.

नात ऋतुजा विष्णुपुरीला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करत होती. संध्याकाळी तिचा फोन यायचा. आधी तो आजोबाच घ्यायचे. आता वाजला की गोठ्याकडं निघून जायचे. मग तिची आज्जी केवळाबाई सांगायच्या, "रानात गेलेत बाई." एकदा पोरगी फोनवर रडायलाच लागली.

"आज्जी, खरं सांग. मी सुट्टीला आले नाही म्हणून आबा रुसलेत ना?"

फोन स्पीकरवर होता आणि हणमंतराव दाराआडच होते. सगळं ऐकलं, पण पाय पुढं सरकेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी केवळाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. नवरा खांबाला टेकून बसलेला. बांधाशेजारच्या शेषेरावांचं नाव घेऊन त्या मान वर न करता म्हणाल्या,

"शेषेरावच्या शेतात सशाची सासू शिरली, सशासाठी शेंगा सोलीत सावलीत बसली. म्हना आता."

"ह्ये काय काढलंस?"

"म्हना तर! हितं कोन हाय ऐकायला?"

हणमंतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "शेषेरावच्या शेतात शशाची साशू..." प्रत्येक शब्दाला शीळ. केवळाबाईंना हसू आवरेना.

"तू म्हन की मग! लवकर लवकर!" ते तडकून म्हणाले.

केवळाबाईंच्या तोंडात मोजकेच दात, पण पहिल्यांदा त्यांनी झरझर म्हटलं. पुन्हा म्हणताना मात्र घसरल्या, "सशाच्या शेतात शेषेरावची सासू..."

"अगं, त्या म्हातारीला कशाला शिरवतीस!" हणमंतराव इतके हसले, इतके हसले की कवळीच निसटून हातात आली. मग दोघंही डोळ्याला पदर आणि धोतराचा सोगा लावून हसत राहिले. कवळी धुऊन पुन्हा बसवली आणि दिवस कलेपर्यंत त्यांची शर्यत चालली. शीळ काही गेली नाही. जीभ मात्र सैल झाली.

फोन वाजला तेव्हा त्यांनीच उचलला.

"ऋतुजा, मी रुसलो न्हाई बाळा. नवे दात शीळ घालायलेत, म्हनून लाज वाटत होती."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "एवढंच होतं होय आबा? मी किती घाबरले होते!"

"चुकलंच माझं. बरं, आता एक म्हनून दाखव," म्हणत त्यांनी सशाची सासू सांगितली. ऋतुजा शेंगांपाशी अडखळली. तिनं स्पीकर लावला, तशा खोलीतल्या मैत्रिणीही गोळा झाल्या. एकीची सासू सावलीत शिरली, दुसरीचा ससाच शेंगा सोलायला बसला.

"एकेकीनं म्हना! गडबड करू नका!" हणमंतराव मांडवात माईक धरल्यासारखे खणखणीत बोलत होते.

भाकरी गार होते म्हणून केवळाबाईंनी दोनदा हाक मारली. शेवटी ताट झाकून ठेवलं आणि त्याही फोनजवळ येऊन बसल्या.