जुळ्या नोंदी

भाऊजींचा राग आला की मी त्यांनी केलेला चहा पिते आणि गप्प बसते. त्या दिवशी तर दोन कप झाले.

ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा प्रबंध अर्धवट राहिला होता आणि तो पुस्तक म्हणून काढायचं भाऊजींनी मनावर घेतलं होतं. मनावर घेतलं कसलं, माणूस झपाटला होता. तिच्या कॉम्प्युटरवर संदर्भग्रंथांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर होतं. ते उघडलं, तर एकेक पुस्तक दोनदोनदा. झालं! घरात दोन कात्र्या न खपणारा माणूस. प्रत्येक जोडीतली नंतर केलेली नोंद पुसत शेवटपर्यंत गेले, वर कचरापेटीही रिकामी केली. हात इतका चालला की काही ठिकाणी दोन्ही पुसल्या गेल्या. मग घाबरून मला बोलावलं, मी लायब्ररीत काम करते म्हणून.

"अगं, काही पुस्तकं गायबच झालीत. मिळतील ना?"

मी कपाळाला हात लावला, तो पुस्तकांसाठी नव्हे. ताई प्रत्येक पुस्तकाच्या मुद्दाम दोन नोंदी करायची. "पहिली लोकांसाठी, दुसरी मला भांडायला," असं हसून सांगायची. दुसरीतल्या सारांशाच्या रकान्यात ती लेखकाला झोडपायची, मध्येच स्वतःचंही काहीबाही लिहायची. तिचं ते सगळं बोलणं या गृहस्थांनी आवरून टाकलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आज चांगलं सुनावायचंच, असं ठरवून मी खुर्ची ओढली.

दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. वाट एकच होती. प्रबंधाच्या फाइलीत जिथे संदर्भ जोडलेला असतो, तिथे त्या नोंदीची नक्कल मजकुराच्या पोटात राहते. ती बाहेर काढता येते. पण ताई जोडायची ती पहिलीच नोंद. त्यामुळे लेखक, साल, प्रकाशक सगळे निमूट परत येत होते, भांडण मात्र एकही नाही.

"कमाल आहे हं तुझी!" भाऊजी मागून म्हणत होते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तेवढ्यात एक नोंद वेगळी आली. सारांश भरलेला. एकाच ठिकाणी ताईने घाईत चुकून दुसरी नोंद जोडली होती.

"तिसरं प्रकरण नुसतं पाणी घालून वाढवलंय. आज पाठ फारच दुखतेय. ह्यांना सांगायचं नाही, उगाच रजा टाकून बसतील."

खाली तिने तारीख घातली होती. आजार कळायच्या कितीतरी आधीची. मी घाईघाईने ती नोंद बंद केली, पण भाऊजींनी वाचलं होतं.

"टाकली असती की गं रजा," ते म्हणाले.

खुर्चीची पाठ धरून ते तसेच उभे राहिले. मग अगदी हळू विचारलं, "मी ज्या पुसल्या, त्यांतही असंच काही होतं का?"

सुनावायचं ते सगळं तोंडाशीच होतं.

"छे हो, भाऊजी. त्या नुसत्या डबल झाल्या होत्या. पुसल्यात ते बरंच केलंत."

ते बरं म्हणाले आणि पुन्हा चहा टाकायला आत गेले. मग मात्र मला रडू आवरेना.