टाचेचे दोन ठोके

बाबा गेले आणि सातव्या आठवड्यात अल्बम बाहेर आला. त्यांच्या फंक बँडच्या टेप्स बत्तीस वर्षं कुठल्याशा कपाटात पडून होत्या, त्या एका लहान कंपनीनं शोधून काढल्या. तेवढी वर्षं थांबलेल्या माणसाला सात आठवडे काही थांबता आलं नाही.

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉपवर ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचत होती. समोर ड्रमरकाका चहा गार करत बसले होते. बँडमधले आता ते एकटेच उरले होते. चष्मा विसरलो, तूच वाच, असं ते म्हणाले होते. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

“‘इस्त्री करता करता नाचले आणि शर्ट जाळला.’”

“नवऱ्याचा असणार,” काका म्हणाले. “म्हणजे गाणं जमलंय.”

“‘बेस ऐकून आमचं म्हातारं कुत्रंसुद्धा उठून बसलं.’ ‘ड्रमर म्हणजे निव्वळ घड्याळ.’”

काकांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“‘सगळं झकास, पण तिसऱ्या गाण्यापासून मधूनच ठक-ठक काय वाजतं? शेजारी खिळे ठोकतोय का?’”

असं अकरा जणांनी लिहिलं होतं. कंपनीचंही पत्र आलं होतं: पुढच्या आवृत्तीत ते ठोके पुसता येतील, घरच्यांची संमती आज संध्याकाळपर्यंत हवी.

ते ठोके बाबांच्या डाव्या टाचेचे होते. त्या ठोक्यांमुळेच तेव्हा अल्बम नाकारला गेला, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. “माझ्याच पायानं घात केला,” एवढं बोलून बाबा विषय संपवत. घरी बेस गिटार वाजवताना ते पायाखाली घोंगडीची घडी घेत. पुढं घडीही गेली आणि वाजवणंही. दवाखान्यात तिनं उशाशी गाणं लावलं, तेव्हा त्यांनी डावा पाय उजव्याखाली दाबून धरला. “वाईट खोड आहे गं,” म्हणाले.

निदान आता तरी त्यांचं नाव निर्मळ होऊ दे, असं मनाशी म्हणत तिनं उत्तर लिहिलं, ‘हो, पुसा.’ पाठवण्याआधी यादीतली शेवटची प्रतिक्रिया तेवढी वाचली.

“‘मी नाच शिकवते. हे ठोके उगाच पडलेले नाहीत. ड्रम भरकटायला लागला की पडतात, आणि लगेच पहिल्या मात्रेवर सगळे पुन्हा एकत्र येतात. कुणीतरी कुणाला तरी सांभाळून घेतंय.’”

काकांनी खिशातून चष्मा काढला, लॅपटॉप स्वतःकडं वळवला आणि ते त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

“बँडचा नियम होता,” ते म्हणाले. “कुणाचा ठेका सुटला तरी थांबायचं नाही. तुझा बाबा दोनदा टाच आपटणार, त्यानंतरची मात्रा पहिली. सरावात चालून जायचं. रेकॉर्डिंगला मात्र तिसऱ्या गाण्यापासून माझाच ठेका सुटत गेला.”

“मग?”

“रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी विचारलं, हे ठोके कसले? मी म्हटलं, त्याच्या पायाला खोड आहे.”

नळ ठिबकत होता. तिनं उठून तो घट्ट बंद केला.

“बाबा काय म्हणाले?”

“माझ्याकडं बघितलं. म्हणाला, हो, आहे खोड. मला वाटलं, उद्या खरं सांगू. त्यानं कधी विषय काढला नाही, आणि माझं आपलं झाकली मूठ. पुढं पुढं त्याला स्वतःलाही ते खरं वाटत असेल.”

“तुम्ही दवाखान्यात तीनदा आला होतात.”

“आलो होतो.”

“त्यांचे पाय बघितलेत?”

“बघितले, पोरी.”

मग येऊन तिनं ‘हो, पुसा’ खोडलं आणि लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला.

“तुम्ही लिहा. कंपनीला आणि ऐकणाऱ्यांनाही.”

काका एका बोटानं अक्षरं शोधू लागले. ‘ते ठोके पुसू नका. ते माझ्या’ इथवर आले आणि बोट अधांतरी थांबलं. त्यांनी वर बघितलं. अशा जागी बाबांनी काय केलं असतं, ते तिला ठाऊक होतं. टेबलाखाली तिनं दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून ठेवले, जराही हलवले नाहीत.

पुढचा शब्द सापडायला काकांना फार वेळ लागला.