काचेतला माणूस

काचवाल्याला दोन सवयी होत्या. बसवलेल्या प्रत्येक काचेचा फोटो तो गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा. तेवढीच फुकटात जाहिरात. आणि ग्रुपवर आलेलं काहीही न वाचता सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायचा. बाहेरून आलेल्यांना हाकला, आपल्या पोटावर पाय देतात, असले मजकूर पुढे ढकलणं तर त्याच्या डाव्या हातचा मळ. वाचता तरी का, असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा वाचायला वेळ कुणाला आहे म्हणून त्याने तिलाच सुनावलं होतं.

सोमवारी सकाळी परमुलखातल्या शिंप्याच्या बायकोचा फोन आला. दुकानाची काच फुटली होती. काचवाला मापाची टेप घेऊन पोचला. दगड अजून शिलाई मशीनवरच होता. शिंपी इस्पितळात होता. डोळ्यात काच गेली होती. एक डोळा वाचतो की नाही, हे डॉक्टर संध्याकाळी सांगणार होते. काचवाल्याने रीतसर हळहळ केली, दगड मारणाऱ्यांना चार शिव्या हासडल्या आणि टेप उघडली.

शिंपिणीने मोबाइल त्याच्यापुढे धरला. दुकानाचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'हेच ते दुकान. रविवारी धडा शिकवा.' फोटोतली काच नवीकोरी होती आणि तिच्यात मोबाइल वर धरलेला, पोट सुटलेला एक माणूस दिसत होता. काचवाल्याने त्याला लगेच ओळखलं.

"मला हा तुमच्याकडूनच आला," ती म्हणाली.

काचवाल्याने टेप मिटली. "मी वाचला नव्हता, वहिनी."

"आम्ही वाचला. रविवारी दुकान बंद असतं. तरी हे राखणीला आत बसले."

तिचं खरंच होतं, आणि त्याचंही खरंच होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच नकोच, फळ्या ठोका, एवढंच ती पुढे बोलली. त्याने फळ्या ठोकल्या.

बाहेर आला तोच मोबाइल वाजला. पुन्हा तोच मजकूर, फक्त वार बुधवार. फोटो घड्याळवाल्याच्या दुकानाचा होता, तोही परमुलखातला. काचेत पुन्हा तेच पोट.

काचवाल्याने या वेळी दोनदा वाचलं. मग सरळ घड्याळवाल्याकडे गेला आणि न विचारताच काच काढायला लागला. घड्याळवाला भिंग डोळ्याला तसंच ठेवून बाहेर आला.

"अहो, फुटली कुठे आहे?"

"फुटेल," काचवाला म्हणाला. "तुम्ही राखणीला बसू नका."