मुळाच्या वळणावर ओरडले ती मी

मी सुईएवढी बारीक, पण सुई नव्हे. दाढेच्या मुळातली किडलेली नस साफ करायला मोटरवर गरगर फिरते, ती फाईल मी. माझी तार लवचिक, म्हणून वाकड्या मुळातही शिरते. मात्र प्रत्येक वळण माझ्या अंगात काहीतरी खिळखिळं करून जातं. वरून दिसत नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंचा नियम कडक होता: चार दाढा झाल्या की फाईलला रजा. दर वापरानंतर सिस्टर माझ्या दांड्यावर एक ठिपका काढायच्या. जंतू मारायच्या वाफेच्या डब्यात ते ठिपके पुसले गेले.

"सिस्टर, हिची तिसरी दाढ की चौथी?"

"तिसरीच असेल, मॅडम. बघा की कशी चकाकतेय!"

ती पाचवी होती.

खुर्चीत बाईंचे वडील होते. तेही दातांचेच डॉक्टर. फार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एक फाईल बायकोच्याच दाढेत मोडली. तुकडा निघाला नाही, शेवटी दाढ गेली. त्यानंतर त्यांनी मोटरला हात लावला नाही. दवाखान्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

त्यांच्या तोंडावर रबराचा पडदा ताणलेला. मी मुळात उतरले. वळणावर टोक रुतलं आणि मागून मोटर फिरतच राहिली. माझा पीळ उलगडू लागला. मी जिवाच्या आकांताने ओरडले. बाईंना ऐकू गेलं नाही, सिस्टरांनाही नाही.

म्हाताऱ्याने डावा हात वर केला.

बाईंनी मोटर थांबवून मला अलगद बाहेर काढलं. "दुखलं का बाबा?"

"ओरडली ती," ते पडद्याखालून जड जिभेने पुटपुटले.

"कोण?"

"तुझ्या आईच्या वेळीही ओरडली होती. मला वाटलं, भास झाला. मी दाबत राहिलो."

बाईंनी मला भिंगाखाली धरलं. टोकाजवळचे आटे सुटले होते. मग त्यांनी हातानेच, बारीक फाईलने वाट मोकळी केली, मूळ धुतलं आणि कोरी फाईल अगदी हलक्या हाताने फिरवली. दाढ वाचली.

आता मी टाकाऊ सुयांच्या डब्यात आहे. उद्या भट्टी. फिरवणाऱ्या हातांनो, चकाकीला भुलू नका. भिंग लावा, आणि शंका आली की आम्हाला टाकून द्या. आम्ही रागावणार नाही.

मघाशी घरी निघताना म्हातारा वाकला आणि त्याने डब्याच्या झाकणाला कान लावला. आम्ही साऱ्या चिडीचूप.

"चला ना बाबा," बाई म्हणाल्या.

"थांब जरा. आत कुणीतरी श्वास रोखून धरलाय."